दीड फुटाचा शब्द

मित्रहो, आज एका इंग्रजी विशेषणाची ओळख करून देणार आहे. ते म्हणजे 'सेस्क्विपिडेलियन'. उच्चारतानाच दम लागतो! रोमन लिपीत त्याची अक्षरे भरतात चौदा.

लॅटिन भाषेत 'सेस्क्वि' म्हणजे दीड आणि 'पेस' म्हणजे पाऊल, अर्थात फूट. आपल्या संस्कृतातील 'पद' हे त्याचेच भावंड. तेव्हा मूळ अर्थ झाला, 'दीड फूट लांबीचा'. रोमन लोक असे शब्द साध्या मापासाठी वापरीत. व्हिट्रुव्हियसच्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात दीड फूट लांबीच्या विटेचे वर्णन आहे. होरेस (इ. स. पू. ६५ ते ८) या कवीने मात्र काव्यकलेवरील आपल्या रचनेत हे माप शब्दांना लावले. दारिद्र्यात व परागंदा अवस्थेत सापडलेल्या नाटकातल्या राजाला प्रेक्षकांच्या काळजाला हात घालायचा असेल, तर त्याने दीडफुटी शब्द टाकून द्यावेत, असे त्याचे म्हणणे. सतराव्या शतकात हे विशेषण इंग्रजीत रुळले.

आज ते लांबलचक शब्दाला लावतात, तसेच असे शब्द वापरणाऱ्या लेखकाला, वक्त्याला आणि शैलीलाही. त्यात बहुधा थट्टा असते. 'दीड'ची अशी थट्टा मराठीलाही ठाऊक आहे. आपला 'दीडशहाणा' आठवा!

हा शब्द मला कोशात सापडला तेव्हा मी मनातून ओशाळले. प्रथम वर्षाला असताना मी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. भाषण मराठीत, पण 'किंकर्तव्यमूढ', 'अनन्यसाधारण' अशा शब्दांनी ठासून भरलेले. माझे वडील गवंडीकाम करतात. कामावरून तसेच येऊन ते शेवटच्या बाकावर बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "पोरी, बोललीस झ्याक. पर सांगत काय हुतीस?"

मी फणकाऱ्याने म्हटले, "आबा, तुम्हांला नाही कळायचं ते."

ते काही बोलले नाहीत. पुढे माझ्या भाषणाला ते आलेही नाहीत.

शब्दाची ही हकिकत मी त्यांना सांगितली. रोमन लोकांच्या विटेपाशी ते थांबले. "दीड फुटाची? आपली नऊ इंची. वीट एका हातात मावली म्हंजे दुसऱ्या हातात थापी धरता येती."

यंदाचे भाषण मी आधी आबांसमोर म्हणून दाखवले. ते जिथे जिथे "म्हंजे काय?" म्हणाले, तिथे तिथे शब्द बदलला. असे अकरा शब्द निघाले. बक्षीस मिळाले नाही. पण आबा पुन्हा शेवटच्या बाकावर होते, आणि घरी येताना वाटेत त्यांनी माझ्याशी विषयावर वाद घातला.

मित्रहो, 'सेस्क्विपिडेलियन' पाठ करा, वाचताना भेटला तर ओळखा. वापरण्यापूर्वी मात्र शेवटच्या बाकावर कोण बसले आहे ते पाहा.