एक चमचा म्हणजे नक्की किती? मुलांचे प्रतिजैविक पातळ औषध : उपयोग आणि काळजी



पावसाळा सुरू झाला की वर्गात खोकल्याचा आवाज सुरू होतो आणि दप्तरात डब्याशेजारी औषधाची बाटली दिसू लागते. सोबत चिठ्ठी असते, "मॅडम, दुपारी एक चमचा द्या." कोणता चमचा, किती वाजता, कशासाठी, काहीच लिहिलेलं नसतं. मीही बरीच वर्षं अशा चिठ्ठ्या वाचून औषध देत होते. मग माझ्याच घरी एक चूक झाली आणि या विषयाकडे नीट लक्ष गेलं. आजचा पाठ त्यावरच आहे.

माझी चूक

माझ्या धाकट्या मुलीला रात्री ताप भरला. मोठ्या मुलाला महिन्यापूर्वी कानदुखीसाठी दिलेलं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, फ्रीजच्या दारात थोडं उरलं होतं. दादाला गुण आला, हिलाही येईल, असं मनाशी म्हणून मी दोन दिवस तेच दिलं. ताप हटेना. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, तर डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काय दिलंत?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "डेंग्यू विषाणूमुळे होतो. या औषधाचा त्यावर काही उपयोग नाही. तुम्ही दोन दिवस घालवलेत."

मुलगी बरी झाली. पण ते वाक्य अजून माझ्या मनात आहे. म्हणून आधी मुळापासून समजून घेऊ.

हे औषध कशावर चालते?

आपल्याला आजारी पाडणाऱ्या सूक्ष्मजीवांत जिवाणू आणि विषाणू असे दोन मोठे गट आहेत. प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू, कांजिण्या आणि बहुतेक वेळचा घसा-खोकला हे विषाणूंमुळे होतात. तिथे हे औषध देऊन फायदा नाही, उलट जुलाब किंवा पुरळ पदरात पडू शकते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवंच, असंही नाही.

जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया, कानातला संसर्ग, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, त्वचेवरचे पू झालेले फोड, काही प्रकारचा घसा, अशा वेळी मात्र ते खरोखर जीव वाचवू शकते. १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते टोचले. जंतुसंसर्गाने तो मरणाच्या दारात होता. औषधाने तो सुधारू लागला. पण तेवढंच औषध जगात तयार होतं. त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा दिलं, तरी शेवटी साठा संपला आणि तो गेला. आज तेच औषध आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, म्हणून त्याची किंमत आपल्याला वाटत नाही.

बाटलीत काय असते?

लहान मुलांना गोळी गिळता येत नाही, म्हणून पातळ औषध देतात. आपल्याकडे सर्रास दिसणारं एक औषध म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचं मिश्रण. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. काही जिवाणू असं एक विकर तयार करतात की ते अमॉक्सिसिलिनला तोडून टाकतं. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकराला अडवतं आणि अमॉक्सिसिलिनला काम करू देतं. एकाने लढायचं, दुसऱ्याने ढाल धरायची.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हेच औषध वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. एका बाटलीत ५ मिलीमध्ये एकूण २२८.५ मिग्रॅ औषध असतं, तर दुसरीत ५ मिलीमध्ये ४५७ मिग्रॅ. नाव तेच, खोका जवळजवळ तसाच, ताकद दुप्पट! म्हणून "मागच्या वेळी ५ मिली दिलं होतं" हा हिशोब चालत नाही. मुलांचा डोस वयापेक्षा वजनावर ठरतो. दवाखान्यात दरवेळी वजन करून घ्या आणि डोस "किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस" असा लिहून घ्या.

औषध कसे कालवावे?

बाटलीत कोरडी पावडर असते, कारण पाणी मिसळल्यावर हे औषध फार दिवस टिकत नाही. कृती अशी :

१. हात धुवा. बाटली उलटसुलट करून, बोटाने टिचकी मारून तळाला बसलेली पावडर मोकळी करा.
२. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. खोक्यात पाण्याची कुपी दिली असेल तर तीच वापरा. गरम पाणी घालू नका.
३. आधी खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा.
४. फेस बसू द्या. मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा.

बरेच जण एकदाच खुणेपर्यंत पाणी ओततात. हलवल्यावर पातळी खाली जाते आणि ती तशीच सोडून देतात. मग औषध जास्त तीव्र होतं. खुणेच्या वर पाणी गेलं तर पांचट होतं. खात्री नसेल तर मेडिकलमध्येच समोर कालवून घ्या, त्यात कमीपणा नाही.

कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. वर सांगितलेलं मिश्रण फ्रीजमध्ये ठेवावं लागतं (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) आणि सात दिवसांनंतर वापरायचं नाही. घरी फ्रीज नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. सगळ्याच प्रतिजैविकांना फ्रीज लागत नाही, ते दुसरं सुचवू शकतात. दरवेळी देण्याआधी बाटली हलवा, कारण औषध तळाला बसतं.

वर्गातला उपक्रम : चमचे मोजूया

तिसरीला धारकता शिकवताना मी मुलांना घरून एकेक चमचा आणायला सांगितला. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणली आणि प्रत्येक चमच्यात किती पाणी मावतं ते मोजलं. कुणाचा चहाचा चमचा जेमतेम ३ मिली, कुणाचा ६ मिली. पोह्यांचा चमचा तर १० मिलीच्या आसपास गेला. मुलं हसायला लागली. मग फळ्यावर गणित मांडलं.

डॉक्टरांनी ५ मिली, दिवसातून दोनदा, सात दिवस सांगितलं. एकूण औषध किती? ५ × २ × ७ = ७० मिली. ३ मिलीच्या चमच्याने दिलं तर? ३ × २ × ७ = ४२ मिली. म्हणजे २८ मिली औषध पोटात गेलंच नाही!

मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमची आजी मला कमी औषध देत होती." वर्गात एकदम शांतता. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः शाळेत आल्या. म्हणाल्या, "बाई, मला त्या बाटलीचं टोपण दाखवा, कसं मोजायचं ते." मी त्यांना मापाच्या टोपणावरच्या रेषा दाखवल्या. चष्मा असूनही त्यांना त्या दिसेनात, म्हणून ५ मिलीच्या रेषेवर लाल नेलपॉलिशची खूण करून दिली. तुम्हीही हे करून पाहा. छोटी गोष्ट आहे, पण उपयोगी आहे.

अजून एक गणित घरच्यांसाठी. बाटली बहुतेक वेळा ३० मिलीची असते. दिवसाला १० मिली दिलं तर ती तीन दिवसांत संपते. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेले असतात, पण बाटली संपली म्हणजे औषध संपलं असं घरी वाटतं. म्हणून बाटल्या किती लागतील ते आधीच विचारा. दुसरी बाटली मात्र पहिली संपेपर्यंत कालवू नका.

देताना एवढं लक्षात ठेवा

- वरील मिश्रण जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटाला कमी त्रास होतो.
- दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका. मूल अर्धं दूध टाकतं आणि औषध किती गेलं ते कळत नाही.
- एखादा डोस चुकला तर आठवल्यावर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन डोस एकदम कधीच नाही.
- ताप उतरला म्हणून मनाने बंद करू नका, आणि मनाने वाढवूही नका. किती दिवस ते डॉक्टरच ठरवतील.
- "हा घे गोड खाऊ" असं म्हणून देऊ नका. मूल एकटं असताना तो खाऊ शोधेल. बाटली हाताला येणार नाही अशी ठेवा.
- उरलेलं औषध जपून ठेवू नका. माझी चूक आठवा.

त्रास झाला तर?

थोडे पातळ जुलाब किंवा मळमळ होऊ शकते. मुलाला पाणी, पेज, ओआरएस देत राहा. जुलाब जास्त झाले किंवा शौचातून रक्त पडलं तर लगेच डॉक्टरांना भेटा. अंगावर पुरळ आलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर औषध थांबवा आणि एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा. पेनिसिलिनची ॲलर्जी आधी झाली असेल तर ती प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा.

शाळेने काय करावं?

चिठ्ठी घेताना मुलाचं नाव, औषधाचं नाव, मिली, वेळ आणि पालकांची सही हवी. सोबत डॉक्टरांच्या कागदाची प्रत आणि मापाचं टोपण हवं. ॲलर्जीची नोंद वर्गशिक्षकाच्या वहीत ठळक असावी. पालकांनो, दिवसातून दोनदा द्यायचं औषध असेल तर सकाळी शाळेआधी आणि रात्री घरीच देता येतं का, ते डॉक्टरांना विचारा. बाटली दप्तरात पाठवण्याची गरजच पडणार नाही.

शेवटी

औषधाच्या वेष्टनावर उभी लाल रेघ दिसली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही खूण मुलांनाही शिकवा. फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेतानाच्या भाषणात इशारा दिला होता की, हे औषध अपुऱ्या प्रमाणात वापरलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. आज तसे जंतू सगळीकडे आढळतात. आपण विनाकारण किंवा अर्धवट औषध दिलं की त्यांना बळ मिळतं, आणि मग खरी गरज पडते तेव्हा औषध हात टेकतं.

त्या रात्री मी फ्रीजचं दार उघडण्याऐवजी डॉक्टरांना फोन केला असता, तर माझ्या लेकीचे दोन दिवस वाचले असते. आज घरी गेल्यावर तुमच्या फ्रीजचं दार एकदा उघडून बघा. तिथे जुनी बाटली असेल तर ती आजच बाजूला काढा.