दहा रुपयांचें ताट

ता. २६ जानेवारी २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें शिवभोजन योजना आरंभिली. नागपुरासारख्या शहरांत दोन पोळ्या, भाजी, वरण व भात एवढें ताट गरिबांस दहा रुपयांत मिळूं लागलें. परंतु त्याचें मोल ५० रुपये धरिलेलें होतें. उरलेले ४० रुपये सरकारनें केंद्रचालकास द्यावयाचे होते. म्हणजे पांच घासांपैकीं चार घास सरकारी तिजोरींतून! तेथून पैसा येण्यास विलंब लागल्यास चूल कशी पेटावी? उलट, २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा पांच किलो धान्याचा हक्क दिला. योजना तरतुदीवर जगते. हक्कासाठीं तरतूद करावीच लागते. अर्थसंकल्पाचे रुक्ष आंकडे वाचतांना हा भेद ध्यानांत ठेवावा.