पाणी गेलं, मीठ उरलं

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९

विषय सोडले तरी त्यांचा रस आत उरतो, आणि तो रस परमतत्त्वाच्या दर्शनानेच जातो, असं भगवंत इथे सांगतात. यातला ‘उरतो’ हा शब्द मला एका होडीमुळे नीट कळला.

माझी भाची मुंबईत शिडाची होडी चालवायला शिकते. होडी लेझर जातीची आहे: लांबी सुमारे ४.२ मीटर, शीड-डोलकाठी सोडून वजन साधारण ५९ किलो, चालवणारा एकच. तिचं अंग फायबरग्लासचं, पोकळ आणि बंद. त्यामुळे आत पाणी शिरलं तरी बाहेरून दिसत नाही. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो ओझं. शिवाय होडी कलली की ते पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. ऑक्टोबरपासून भाची एकटी समुद्रात जाणार, म्हणून होडी आतून कोरडी करायचं काम मी घेतलं.

होडीचं पुढचं टोक वर उचलून मागचं बूच काढलं की साचलेलं पाणी निघतं. पण आतल्या अंगाला चिकटलेलं खारं पाणी सुकतं आणि मीठ मागे राहतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच इथे होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली ओल ओढून घेतं. साधं पाणी ८५ टक्के आर्द्रतेतही हळूहळू सुकतं. खारी ओल मात्र तेव्हा पूर्ण सुकतच नाही, कितीही पुसा.

म्हणून कोरडं करण्याआधी आत आणखी पाणी घालायचं, पण गोडं! चार-पाच लिटर ओतायचं, होडी हलवायची, बुचातून काढायचं. बाहेर येणारं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत हेच करायचं. मग डेकवरच्या गोल झाकणातून हात घालून स्पंजने टिपायचं. त्यानंतर झाकण आणि बूच दोन्ही उघडी ठेवून झाकणापाशी छोटा पंखा लावायचा. एका वाटेने हवा आत, दुसरीने बाहेर. बंद होडी नुसती उन्हात ठेवली तर आतली वाफ रात्री गार होऊन पुन्हा तिथेच थेंब धरते.

आता मूळ प्रश्न: पाणी शिरलं कुठून? डोलकाठी बसते त्या खोबणीत पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि थांबायचं. पातळी उतरली तर गळती तिथेच. ही जागा कमकुवत असेल तर भर वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून निघू शकते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत होडी पाण्यात नाही.

मित्रांनो, आपणही नुसतं पुसून घेतो. राग आवरला, मोबाईल बाजूला ठेवला, उपास केला. वरून कोरडे झालो. पण हवा दमट झाली की आतलं मीठ पुन्हा ओल धरतं. ते खरवडून जात नाही. त्याला विरघळवणारं गोडं पाणी आत पोचावं लागतं. माझ्यासाठी ते नाम आहे. एकदा ओतून भागत नाही, चव बदलेपर्यंत ओतायचं.

आजचा अभ्यास: सोडलेली एक सवय आठवा आणि तिची चव अजून जिभेवर आहे का, ते प्रामाणिकपणे पाहा.

राम कृष्ण हरी!