लाल रेघेखालचे कुळागर : एका छात्राध्यापिकेच्या नोंदी

बी.एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला. त्यात छात्राध्यापकाने एकूण 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावेत, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16, अशी अपेक्षा आहे. माझे 16 आठवडे फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गेले. नववीच्या वर्गाला मी मराठी शिकवत होते. अभ्यासक्रमात माहिती-तंत्रज्ञानाचा डोळसपणे विचार करायला लावणारा एक स्वतंत्र घटक आहे. त्यासाठी आपापल्या विषयात तंत्रज्ञान वापरून पाठ घ्यायचे आणि मग त्यांवर चिंतन लिहायचे असते. महाविद्यालयात मी सादर केलेले चिंतन चार पानांचे होते आणि त्यात सगळे सुरळीत पार पडले होते. त्या चार पानांत जे आले नाही, ते इथे लिहीत आहे.

वर्गाची थोडी ओळख आधी करून द्यायला हवी. बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पाचवीपासून बाकीचे विषय इंग्रजीत गेले आणि मराठी एक विषय म्हणून उरली. घरी कोकणी. त्यामुळे मराठी वाचताना ही मुले अडखळत नाहीत, पण बोलताना आणि लिहिताना एक संकोच सतत जाणवतो. ‘टीचर, हें मराठीत चलता?’ हा प्रश्न मी रोज ऐकत होते. आपल्या तोंडातला शब्द कोकणीचा की मराठीचा, याची त्यांना खात्री नसते. दोन्ही भाषांत सारखेच असलेले शब्दही ती भीतभीत लिहितात.

पहिला पाठ : तयार चित्र

पहिला तंत्रज्ञानाधारित पाठ मी वर्णनात्मक लेखनावर घेतला. दोन रात्री जागून 28 स्लाइड तयार केल्या. पावसातले डोंगर, धबधबा, ढग, भातशेती. तास 35 मिनिटांचा. त्यातली 9 मिनिटे प्रोजेक्टर जोडण्यात गेली. तरीही मुले खूश होती आणि मीही. मग ‘पावसातला माझा गाव’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या.

संध्याकाळी वह्या तपासताना लक्षात आले की जवळजवळ सगळ्यांच्या गावात धबधबा होता. ज्या मुलांच्या गावाच्या आसपास कुठेही धबधबा नाही, त्यांच्याही गावात तो कोसळत होता. मुलांनी आपला गाव लिहिला नव्हता. माझी अकरावी स्लाइड लिहिली होती. चित्र दाखवून मी त्यांना मदत केली असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्यांच्या डोळ्यांपुढे जे यायचे होते त्याची जागा मी आधीच अडवली होती.

पुढचा पाठ मी उलट्या क्रमाने करायचे ठरवले. आधी मुलांनी हाताने लिहायचे, मग संगणक कक्षात जाऊन तेच टंकलिखित करायचे. यात धोका काहीच नाही, असे मला वाटले.

दुसरा पाठ : लाल रेघ

विषय होता ‘माझा आवडता परिसर’. एका मुलाने कच्च्या मसुद्यात लिहिले होते : ‘आज्याच्या कुळागरात पोफळींखाली दुपारीही काळोख असतो.’ टंकलिखित प्रतीत ते वाक्य असे आले : ‘आजोबांच्या बागेत सुपारीच्या झाडांखाली दुपारीही अंधार असतो.’

मी ती प्रत वाचली, शुद्धलेखनाची एकही चूक नाही हे पाहिले आणि खाली ‘छान’ असा शेरा दिला. माझ्या मार्गदर्शक शिक्षिका निवृत्तीला आलेल्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारले, ‘अगं, निबंध स्वच्छ झालाय. पण कुळागर कुठं गेलं?’

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कुळागर म्हणजे नुसती बाग नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याच्या आधाराने केलेली ही मिश्र लागवड. पोफळी, माड, केळी, त्यांच्या आधाराने चढलेली मिरी, मध्ये कुठे अननस, कुठे जायफळ. पाटाने खेळवलेले पाणी आणि वर झावळ्यांचे छप्पर, म्हणून तर दुपारीही काळोख. ‘बागेत काळोख’ म्हटले तर वाचक थबकेल. ‘कुळागरात काळोख’ म्हटले की थबकायचे कारण नाही. शब्द बदलल्याबरोबर त्या मुलाचे निरीक्षणच खोटे वाटू लागले होते.

मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘टीचर, त्याखाली लाल रेघ आली.’ किती शब्दांखाली आली, असे विचारल्यावर त्याने दाखवले : ‘कुळागरात’ आणि ‘पोफळींखाली’. फक्त दोन. ‘काळोख’ या शब्दाला संगणकाने काहीच केले नव्हते. तो शिष्ट मराठीतला, पुस्तकांतून रुळलेला शब्द. पण दोन शब्द चुकीचे ठरल्यावर तिसराही चुकीचाच असणार, असे समजून त्याने तो स्वतःहून काढला होता. ‘आज्या’चेही तेच झाले. रेघ दोन शब्दांखाली होती. भीती मात्र सगळ्या वाक्यावर पसरली. आणि त्यावर मी ‘छान’ लिहिले होते.

रेघ काय सांगते

तेव्हा मी ही लाल रेघ येते कशी, हे समजून घेतले आणि पुढच्या तासाला मुलांना सांगितले. तपासनिसाकडे शब्दांचा एक साठा असतो. लिहिलेला शब्द त्यात सापडला नाही की रेघ येते. म्हणजे ‘हे चूक आहे’ असे ती सांगत नाही. ‘हे माझ्याकडे नाही’ एवढेच सांगते. फोनवर टंकताना वर येणाऱ्या सूचनांचेही साधारण असेच. पुष्कळ मजकुरात जे पुन्हा पुन्हा आले ते आधी सुचते. फोंड्यातले कुळागर लेखी मजकुरात किती वेळा येणार?

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपली नामे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन चालतात : कुळागर, कुळागरात, कुळागराला, कुळागरातल्या, कुळागरासारखे. इंग्रजीत अशा ठिकाणी शब्द सुटे राहतात. मराठीत प्रत्येक वेळी नवे रूप तयार होते. मूळ शब्द साठ्यात असूनही त्याचे एखादे रूप नसेल तर रेघ येऊ शकते. म्हणून ती सरावलेल्या लेखकाच्या लेखनातही येते.

पण रेघ नेहमी दुर्लक्षिण्यासारखीही नसते. त्याच वर्गात एका मुलीच्या ‘परीस्थिती’खाली ती आली होती, आणि तिथे संगणकाचे बरोबर होते, ‘परिस्थिती’ हवे. उलट कधी कधी चूक असूनही रेघ येत नाही. एकाने ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे टंकले होते. त्याला म्हणायचे होते ‘दऱ्या’. दोन्ही शब्द मराठीत आहेत म्हणून तपासनीस गप्प राहिला. आमच्या मुलांना दर्या म्हणजे समुद्र हे सांगावे लागत नाही. फळ्यावर मी ते वाक्य लिहिताच वर्ग हसला. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मग एका मिनिटात कळला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ’ शिफ्टसह इंग्रजी ‘जे’च्या कळीवर असतो, आणि ‘ळ’ शिफ्टसह ‘एन’च्या कळीवर. भारतीय लिप्यांसाठी या कळफलकाची मांडणी एकच असल्यामुळे मराठीत बसलेला हात कन्नड किंवा गुजराती टंकतानाही उपयोगी पडतो.

तिसरा पाठ : यंत्र वाचते

शेवटच्या महिन्यात मी एक छोटा प्रयोग केला. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय फोनवर सुरू केली आणि मी लिहिलेला एक परिच्छेद तिला वाचायला दिला. मुद्दाम त्यात ‘चूल’, ‘झाड’, ‘जरा’ असे शब्द घातले होते. मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत खूण एकच. ‘चंद्र’मधला च वेगळा, ‘चूल’मधला वेगळा. ‘जरा थांब’ मधला ज एक. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, तिथला ज दुसरा. फोनने ‘चूल’मधला च ‘चंद्र’मधल्यासारखा उच्चारला.

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, मोबायल चुकता.’ वर्षभरात तासाला जेमतेम चार वाक्ये बोललेली मुलगी होती ती. मी तिला म्हटले, ‘मग तू वाच.’ तिने वाचले आणि प्रत्येक च, ज, झ नेमका उच्चारला. तिला हे कुणी शिकवले नव्हते. कोकणीतही हे दोन्ही उच्चार आहेत. ते ती घरूनच घेऊन आली होती. जी भाषा तिला मराठीच्या तासाला अडचण वाटत होती, तीच इथे तिच्या उपयोगी पडली.

त्या दिवशी फोनने नीट वाचले असते तर माझा पाठ फसला असता. यंत्राच्या चुकीमुळे वर्गाला पहिल्यांदा कळले की आपल्यालाही काही येते आणि ते यंत्राला येत नाही.

आम्ही काय केले

यानंतर आम्ही एक वही सुरू केली. लाल रेघ आलेला शब्द लगेच बदलायचा नाही. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. मी किंवा घरातले, गावातले कोणी हा शब्द असाच म्हणते का? कोशात किंवा एखाद्या पुस्तकात तो सापडतो का? त्याऐवजी सुचवलेला शब्द नेमकी तीच वस्तू सांगतो का? या चाळणीत ‘परीस्थिती’ गळते आणि ‘कुळागर’ टिकते. टिकलेला शब्द वहीत लिहायचा, शेजारी त्याचा अर्थ एका वाक्यात, आणि तो कोणाकडून कळला तेही. तीन आठवड्यांत 41 शब्द जमले : पोफळ, व्हाळ, मिठागर, खाजन, खाजनातले भरती-ओहोटीचे पाणी आवरणारी मानस. ‘मानस’चा अर्थ एकीने आपल्या आजीला विचारून फोनवर ध्वनिमुद्रित करून आणला. वर्गाने तो तीनदा ऐकला आणि मग लिहून काढला. माझ्या 28 स्लाइडपेक्षा ते दीड मिनिटाचे ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी ठरले.

तो मुलगा मात्र अजून निश्चिंत नव्हता. ‘परीक्षेत तपासणाऱ्याला कुळागर माहीत नसलं तर?’ प्रश्न रास्त होता. शब्द गाळू नये, वाक्याने तो समजावून द्यावा, एवढेच मी सांगू शकले. त्याने लिहिले : ‘आज्याच्या कुळागरात पोफळी आणि माड इतके दाट आहेत की दुपारीही काळोख असतो.’ आता कुळागर न पाहिलेल्यालाही ते दिसते. पहिल्या मसुद्यापेक्षा हे वाक्य चांगले आहे, आणि त्याला कारण ती लाल रेघच आहे, हेही मान्य करायला हवे.

त्यानंतर त्याने संगणकाच्या शब्दकोशात ‘कुळागर’ जोडला आणि रेघ गेली. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या संगणकावर बसला. तिथे रेघ होतीच. ‘प्रत्येकाला वेगळं शिकवावं लागतं काय, टीचर?’ त्याने विचारले. हो, म्हटले. आम्हालाही.

तंत्रज्ञान वर्गात आणावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते मुलांच्या खिशात आहे. माझ्यापुरता प्रश्न एवढाच राहिला आहे की आपला शब्द बरोबर की चूक हे ठरवताना मूल आधी कोणाकडे पाहते. बेळगावच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या मराठीतही असे शब्द असतील ज्यांच्याखाली रेघ येते आणि कोणी तरी ते मुकाट्याने बदलते. बदलल्यावर मागे काही खूण राहत नाही. प्रत स्वच्छच दिसते. म्हणून मी आता टंकलिखित प्रतीबरोबर हाताने लिहिलेला मसुदाही मागून घेते, आणि शेरा देण्याआधी दोन्ही शेजारी ठेवते.