मेंदूतील विषाणूचा शोध : पुरावा आणि निष्कर्ष

इतिहासात जे स्थान पुराव्याला, तेच वैद्यकशास्त्रात चाचणीला. १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी जमविलेल्या रक्तनमुन्यांतून भारतातील एचआयव्ही संसर्गाचा पहिला पुरावा हाती आला. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. पुढे १९९२ मध्ये पुण्याच्या भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली.

हा विषाणू केवळ रक्तात राहत नाही. १९८५ मध्येच अमेरिकेतील संशोधकांनी तो रुग्णांच्या मेंदूतून व मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून वेगळा केला होता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने तटबंदी उभारली आहे. संसर्ग झालेल्या पांढऱ्या पेशींत लपून विषाणू ती ओलांडतो. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची कथा येथे आठवावी. आत शिरल्यावर तो मुख्यत्वे मेंदूच्या संरक्षक पेशींत ठाण मांडतो आणि त्यातून चेतापेशींची हानी होते. विस्मरण, मंदावलेला विचार, अडखळती चाल ही तिची लक्षणे होत.

रक्तचाचणी संसर्ग सांगते, मेंदूची अवस्था सांगत नाही. त्यासाठी कमरेच्या मणक्यांमधून सुईने थोडा द्रव काढतात. निरोगी प्रौढाच्या या द्रवात एका घन मिलिमीटरमागे पांढऱ्या पेशी साधारणतः पाचाहून अधिक नसतात. पेशी, प्रथिने व साखर मोजली जाते. पीसीआर चाचणीने विषाणूचे प्रमाण कळते.

मात्र द्रवात विषाणू सापडला म्हणजे लक्षणांचे कारण तोच, असे ठरत नाही. औषधे सुरू न केलेल्या, कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीतही तो आढळतो. म्हणून क्षयाचा व क्रिप्टोकॉकस बुरशीचा मेंदूज्वर आधी तपासतात. काळ्या शाईत मिसळलेल्या द्रवात या बुरशीचे कवच शुभ्र वलयासारखे उठून दिसते. जोडीला एमआरआय व स्मरणशक्तीच्या चाचण्या असतात. उलट, क्वचित औषधांनी रक्तातील विषाणू दबलेला असतो, पण द्रवात तो वाढत असतो. तेव्हा औषधयोजना बदलावी लागते. एका साक्षीवर निकाल नाही, हा इतिहासाचा नियम प्रयोगशाळेतही लागू आहे.

आपल्या कारंजा परिसरात आजही कुणाला झटका आला, भान हरपले, की 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावला जातो आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. दुसरीकडे, निदान कळताच माणसाला दूर लोटले जाते. अस्पृश्यतेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी ही नवी शिवाशिव पाळू नये. एकत्र जेवल्याने, एका वर्गात बसल्याने, एका वसतिगृहात राहिल्याने हा संसर्ग होत नाही. २०१७ च्या कायद्याने शिक्षणातील असा भेदभाव निषिद्ध ठरविला असून, प्रवेशासाठी चाचणीची अट घालता येत नाही.

तेव्हा, मित्रहो, कारण शोधणे डॉक्टरांवर सोपवा. माणसाचा हात धरून ठेवणे मात्र आपल्याकडे घ्या.