बाबांचा गॉगल

वसईतल्या सांडोरला आमच्या वाडीत पंपाच्या खोलीच्या दाराला एक खिळा आहे. त्या खिळ्याला बाबांचा गॉगल वर्षभर लटकत होता. सकाळी केळीत शिरताना ते तो डोळ्यांवर चढवायचे आणि दुपारी जेवायला निघाले की परत खिळ्याला अडकवायचे. एक दिवस चुकला नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, मुलाने आणून दिलाय, मग घालायचा, एवढा त्यांचा सरळ हिशेब. म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो. तो गॉगल मी आणला होता आणि तो नकली होता.

बाबा सत्तरीच्या पुढचे. सगळा जन्म उन्हात गेला. केळी, भाजी, मोगरा, आणि भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेची गाडी पकडणं. त्यांच्या डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने पांढऱ्या भागावर एक गुलाबी पापुद्रा आला होता. सुरुवातीला धूळ गेली असेल म्हणून आम्ही गुलाबपाणी घालत राहिलो. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, हे टेरिजियम. वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ झेलणाऱ्यांना, शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना हे जास्त होतं. पापुद्रा बुबुळावर सरकला तर नजरेला अडथळा होतो. काढता येतो, पण पुन्हा उगवू शकतो. त्यामुळे ऑपरेशनची घाई नको, उन्हात अतिनील किरण अडवणारा गॉगल आणि मोठ्या काठाची टोपी वापरा, वर्षाने दाखवा.

मी त्या वेळी रोज मुंबईला जात होतो. स्टेशनकडे परतताना एका गल्लीतल्या दुकानात काचेच्या पेटीत रे-बॅन मांडलेले दिसले. मला वाटलं, बाबांनी आयुष्यभर स्वतःसाठी काही चांगलं घेतलं नाही, एकदा नावाची वस्तू द्यावी. शोरूममध्ये किंमत दहा हजारांच्या आसपास होती. इथे दुकानदार म्हणाला, "साहेब, ओरिजिनलच आहे. कस्टममधून सुटलेला माल. बिल नाही, म्हणून स्वस्त." बाराशेला सौदा झाला. काचेवर 'यूव्ही 400' असा सोनेरी स्टिकर होता, डबी होती, पुसायचं फडकं होतं. बिल नाही म्हणून स्वस्त, हे वाक्य ऐकून मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. कारण बिल नसलेल्या वस्तूबद्दल दुकानदार काहीही बोलू शकतो, आणि उद्या ते कुणीही त्याच्यासमोर ठेवू शकत नाही.

वर्षाने तपासणीला गेलो तेव्हा पापुद्रा बुबुळाच्या कडेवर आला होता. डॉक्टरांनी विचारलं, गॉगल वापरता ना? बाबांनी खिशातून काढून समोर ठेवला. शेजारच्या खोलीत चष्मे बनवणारे होते, त्यांच्याकडे काच तपासायचं छोटं यंत्र होतं. त्यांनी काच फटीत सरकवली. आकडा आला 38. म्हणजे यंत्राच्या दिव्यातली अडतीस टक्के अतिनील किरणं त्या काळ्याकुट्ट काचेतून आरपार जात होती. मला ते खरं वाटेना. मी माझा वाचायचा चष्मा काढून दिला. साधा, पांढऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा, ज्यातून सगळं स्वच्छ दिसतं. त्याचा आकडा शून्य.

त्या दोन आकड्यांत सगळं आलं. काचेचा काळेपणा आणि काचेचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळेपणा म्हणजे रंग, तो डोळ्याला दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील किरण डोळ्याला दिसतच नाहीत. ते अडवायचे तर काचेच्या पदार्थातच तो गुण हवा किंवा तो त्यात घालावा लागतो. पॉलिकार्बोनेटमध्ये तो बहुतांशी मुळातच असतो, स्वस्त ॲक्रिलिकमध्ये मुद्दाम घातला नाही तर नसतो. आणि गोष्ट इथे थांबत नाही. भर उन्हात आपली बाहुली दोनेक मिलिमीटरपर्यंत आकसते, डोळे आपोआप बारीक होतात. देवाने दिलेलं संरक्षण आहे ते. काळी काच लावली की डोळ्याला वाटतं सावली आली, पापण्या सैल होतात आणि बाहुली मोठी होते. दोनाची चार मिलिमीटर झाली तर उजेड शिरायची जागा चौपट. बाहुलीच्या त्या उघड्या दारातून किरण आत डोळ्याच्या भिंगापर्यंत जातात, आणि मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरणांचं नाव आहेच. म्हणजे पोकळ काळा गॉगल काही वेळा उघड्या डोळ्यापेक्षाही वाईट.

डॉक्टर न्यायाने बोलले. हा पापुद्रा गॉगलमुळेच वाढला असं म्हणता येणार नाही, तो तसाही वाढला असता कदाचित. पण जे वर्ष जपायचं होतं ते जपलं गेलं नाही, हे खरं. बाबा काहीच बोलले नाहीत. बंगली नाक्यावर रिक्षातून उतरल्यावर एवढंच म्हणाले, "तू काय मुद्दाम आणलास?"

नाताळात भाचा दुबईहून आला. त्याच्याकडे त्याच मॉडेलचा गॉगल होता, विमानतळावरच्या दुकानातून बिलासकट घेतलेला. एका दुपारी आम्ही दोन्ही गॉगल ओटीवर शेजारी ठेवले. "मामा, लांबून बघून कुणालाच कळणार नाही, हातात घ्या," तो म्हणाला. घेतले. खऱ्याची काच खरोखरच काच होती, गालाला लावली तर गार लागायची आणि नखाने टिचकी मारली तर किणकिण वाजायची. बाबांचा वाजला तो प्लास्टिकच्या डब्यासारखा. खऱ्याच्या काचेच्या कडेला, बिजागरीजवळ, 'आरबी' ही दोन अक्षरं इतकी बारीक कोरलेली की उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नव्हती, पण नखाला लागत होती. बाबांच्या काचेवर ती छापलेली होती आणि त्यातलं एक अक्षर वर्षभर पुसून अर्धं उडालं होतं. नाकावरच्या गाद्यांत खऱ्याला तीच खूण आतून होती, नकलीला नुसती पिवळी पडलेली गादी. डाव्या काडीच्या आतल्या बाजूला दोन्हींवर आकडे सारखेच: 3025, पुढे 58 आणि 14, म्हणजे काचेची रुंदी आणि नाकावरचं अंतर मिलिमीटरमध्ये. मुलीची पट्टी आणून मोजलं. खऱ्याची काच 58 भरली, बाबांची 55. आकडा नुसता उतरवला होता, वस्तू त्या मापाची नव्हतीच.

बाबांच्या काडीवर '3 पी' असंही होतं. यातला 3 म्हणजे काच किती गडद: तिसऱ्या वर्गाची काच दिसणाऱ्या उजेडातला 8 ते 18 टक्के उजेड आत सोडते, आणि उन्हासाठी साधारण हीच योग्य. चौथ्या वर्गाची इतकी काळी असते की ती लावून गाडी चालवू नये. 'पी' म्हणजे पोलराइज्ड, पाण्यावरची आणि रस्त्यावरची चकाकी कापणारी काच. हे तपासायला दुकानातला कॅल्क्युलेटर पुरतो. काचेतून त्याच्या आकड्यांकडे बघत गॉगल हळूहळू आडव्याचा उभा करायचा. पोलराइज्ड असेल तर एका कोनात पडदा काळा होतो. बाबांचा फिरवून फिरवून हात दुखला, आकडे होते तसेच. मात्र एवढं ध्यानात ठेवा की पोलराइज्ड असणं हा अतिनील किरण अडवण्याचा पुरावा नाही. ती दोन कामं वेगळी आहेत आणि दुकानात ती मुद्दाम एकात मिसळून सांगतात.

आणखी एक परीक्षा भाच्याने दाखवली. गॉगल हातभर लांब धरून खिडकीच्या गजांकडे बघायचं आणि तो हळूहळू वर-खाली करायचा. खऱ्यातून गज सरळ राहिले, बाबांच्या काचेतून ते पाण्यात पडल्यासारखे हलले. तेव्हा कळलं की बाबा संध्याकाळी कपाळ का धरून बसायचे. आम्ही ते उन्हावर ढकलत होतो.

या सगळ्या खुणा मी सांगितल्या खऱ्या, पण फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका. ज्याला बाजारात फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी किंवा सेव्हन ए म्हणतात, त्यातल्या चांगल्या मालावर कोरीव अक्षरंही असतात आणि काचही जड असते. उलट काही खुणा लोक चुकीच्या लावतात. 'मेड इन चायना' दिसलं की नकली असं नाही, कंपनीचे कारखाने इटलीबाहेरही आहेत, आपल्याकडे राजस्थानात भिवाडीला आहे. तसंच वसईत आखातातून आलेल्यांच्या घरी जुने रे-बॅन सापडतात, त्यांच्या काचेवर 'बीएल' असतं. ते खोटे नाहीत. 1937 पासून हे गॉगल बॉश अँड लाँब करत होती, 1999 ला लक्झॉटिकाने ते नाव विकत घेतलं आणि खूण बदलली.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी नोटेची आहे. नोटेवरचा क्रमांक आणि आतले बारीक धागे अतिनील उजेडात चमकतात. नोट तपासायच्या यूव्ही टॉर्चचा झोत अंधारात नोटेवर टाका, मग टॉर्च आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरा. चमक विझली तर काच किरण अडवते आहे. इथे एक चूक सगळे करतात: गॉगल स्वतः लावून नोटेकडे बघतात. मग काळ्या काचेमुळे चमक कमीच दिसणार. काच झोतासमोर हवी, डोळ्यासमोर नको. टॉर्च डोळ्यात मारू नका. आणि तरीही शेवटचा शब्द यंत्राचा. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे ते असतं, अर्ध्या मिनिटाचं काम. काच घेण्यापूर्वी तिथेच आकडा बघायला मागा. मागायला लाजू नका.

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते असं. स्वस्त गॉगल वाईट नाही. चष्म्याच्या साध्या दुकानातला, कुठल्याही मोठ्या नावाशिवायचा, आठशे-हजाराचा गॉगल यंत्रावर शून्य दाखवत असेल तर डोळ्यासाठी तो दहा हजारांच्या गॉगलइतकाच काम करतो. मोठ्या नावाचे पैसे फ्रेमचे, काचेच्या टिकाऊपणाचे आणि नावाचे. ते द्यायचे तर खुशाल द्या, पण अधिकृत विक्रेत्याकडून आणि बिल घेऊन. परदेशी मालाच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत असायलाच हवी, ती बघा. वाईट आहे ती नक्कल, कारण जो नाव खोटं लिहितो तो 'यूव्ही 400' खरं कशासाठी लिहील? खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. मला यातलं काहीच नीट करता आलं नाही. हातात बिलच नव्हतं.

पावसाळ्यात गॉगल ठेवून देऊ नका, पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराचसा भाग खाली येतो. समुद्रावर जाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. भुईगावच्या कोरड्या वाळूवरून साधारण पंधरा टक्के किरण उलटे वर येतात, लाटांच्या फेसावरून पंचवीस. म्हणून काच डोळ्यांच्या बाजूनेही झाकणारी, चेहऱ्याला लगत बसणारी घ्या. वर टोपी हवीच. आणि लहान मुलांना जत्रेतला, सणाच्या गर्दीतला काळा गॉगल खेळणं म्हणून देऊ नका. त्यांच्या डोळ्यांचं भिंग मोठ्यांपेक्षा नितळ असतं, किरण थेट आत पोचतात.

बाबांना आता चष्मेवाल्याकडून करड्या पॉलिकार्बोनेट काचेचा गॉगल घेतला आहे. नऊशे रुपये, बिलासकट, आकडा डोळ्यांसमोर बघून. पुढची तपासणी मे महिन्यात. जुना गॉगल सेंट थॉमस चर्चच्या नाटकात हवा म्हणून शेजारचा मुलगा मागायला आला होता. मी दोन्ही काचा काढून घेतल्या आणि त्याला नुसती फ्रेम दिली.