नियंत्रण कक्षाची वाट : चि. अनिकेतसाठी

अवकाश मोहिमेच्या नियंत्रण कक्षात बसायला भारतात वेगळी पदवी लागत नाही. बंगळूरच्या इस्ट्रॅक या केंद्रातून इस्रोच्या उपग्रहांवर नजर ठेवणारे बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, यंत्र अशा नेहमीच्या शाखांचे अभियंते असतात. कक्षाचे काम ते रुजू झाल्यावर शिकतात. त्यामुळे ‘मिशन कंट्रोल’चे प्रमाणपत्र आणि हमखास नोकरी विकणाऱ्या क्लासकडे सोयाबीनचे पैसे भरायला अनिकेत निघाला आहे, हे मामांच्या कानावर आलेले खरे असेल, तर तो शुद्ध वेडेपणा आहे.

इस्रोत अभियंत्यांची भरती मुख्यतः जाहिरात, लेखी परीक्षा आणि मुलाखत यांतून होते. अभियंत्याला पदवीत प्रथम वर्ग आणि किमान 65 टक्के लागतात. डिप्लोमावाल्यांसाठी तांत्रिक सहायकाची, आयटीआयवाल्यांसाठी तंत्रज्ञाची पदे निघतात. 2007 साली तिरुवनंतपुरमला सुरू झालेल्या आयआयएसटी या अवकाश-शिक्षणाच्या संस्थेत बी.टेक.ला जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून प्रवेश मिळतो. यांपैकी एकाही वाटेवर क्लासवाल्याचा टोलनाका नाही. त्याच्या पत्रकावर म्हणे लोणारचे चित्र आहे. बेसाल्टमधले ते विवर चंद्रावरच्या विवरांच्या अभ्यासाला उपयोगी पडते, पण जिल्हा बुलढाणा म्हणून परीक्षेत गुण मिळत नाहीत.

खरे शिक्षण कक्षात सुरू होते. एकाकडे यानाची वीज, दुसऱ्याकडे तापमान, तिसऱ्याकडे दिशा. यानाकडून येणारा कोणता आकडा कोणत्या मर्यादेत हवा, हे ज्याला त्याला पाठ असावे लागते. मग सराव होतो. खोटे यान, मुद्दाम घातलेला बिघाड आणि खरी घाई. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर आहे. संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, म्हणून उतरताना यानाला स्वतःच निर्णय घ्यावे लागतात आणि माणसांची सगळी मेहनत त्याआधीची असते. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 च्या लँडरचा संपर्क पृष्ठभागापासून सुमारे दोन किलोमीटरवर तुटला. पुढच्या यानाची आखणी ‘काय काय बिघडू शकेल’ इथूनच झाली, आणि 23 ऑगस्ट 2023 ला ते उतरले. चार वर्षांच्या या चिकाटीला कुठला क्लास प्रमाणपत्र देणार?

आपल्याकडच्या माणसांना ही वाट नवी नाही. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे थुंब्याच्या पहिल्या रॉकेटच्या काळापासून या कामात होते. ते रॉकेट 21 नोव्हेंबर 1963 ला उडाले. पुढे 1994 मध्ये काळे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. मामांच्या हातीही डिप्लोमानंतर इस्रोच्या भरतीची अशीच एक जाहिरात आली होती. जिल्ह्याबाहेर जायच्या धास्तीने अर्ज कोराच राहिला, आणि तो सल अजून आहे. म्हणून अनिकेतच्या स्वप्नाला घरात कोणाचाही विरोध नाही. विरोध आहे तो त्या क्लासच्या पावतीला.

पैसे भरले नसतील तर भरू नयेत. भरले असतील तरी लपवू नये, कोणी रागावणार नाही. शेगावला किंवा जमेल तिथे अभियांत्रिकी पुरी करावी. फॉर्मचे आणि परीक्षेला जाण्यायेण्याचे पैसे मामा देतील. आणि या रविवारी आईला एक फोन करावा.